पोर्टलमध्ये नाव टाकलं तर स्कॉलरशिप जाईल का?

अमेरिकेत स्पोर्ट्स स्कॉलरशिपवर गेलेल्या मुलांचे पालक हा प्रश्न मला सारखा विचारतात, मुलाला कॉलेज बदलायचंय, त्यासाठी ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या ऑनलाइन यादीत, नाव टाकू द्यावं का, पैसे बुडतील का. एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.

मुलगा टेनिसवाला, डिव्हिजन वनचं, म्हणजे कॉलेज खेळांतल्या सगळ्यात वरच्या गटातलं कॉलेज, सेकंड इयर संपत आलेलं. ज्या कोचने घेतलं तो सोडून गेला, नवा आला तो स्वतःचे प्लेअर घेऊन. मॅचमध्ये सिंगल्सला सहाच जण उतरतात आणि हा सातवा-आठवा, म्हणजे बाकावर. कॉलवर आई म्हणाली, "मॅडम, तो नीट जेवतसुद्धा नाही हो, पण स्कॉलरशिप गेली तर आमचं कंबरडं मोडेल." तो गप्प होता, मग एकदम म्हणाला, "मी आज रात्रीच पोर्टलमध्ये नाव टाकतोय."

आई-बाबांना म्हटलं आपण नंतर बोलू, आधी त्याच्याशी एकट्याशी बोलले. त्याच्या डोक्यात असं होतं की नाव टाकायचं, कोण बोलावतंय बघायचं, नाही जमलं तर आहेच आपलं कॉलेज. तसं नाहीये ते. एनसीएएचं, म्हणजे तिथले कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या संस्थेचं, ट्रान्सफर पोर्टल २०१८ पासून आहे, तुम्ही लेखी कळवलं की कॉलेजला कामाच्या दोन दिवसांत नाव टाकावंच लागतं, आणि २०२४ पासून अभ्यास नीट असेल तर कितीदाही कॉलेज बदला, वर्षभर बाहेर बसावं लागत नाही. मुलांना एवढंच माहीत असतं. पण नाव पडलं की सध्याचं कॉलेज ती टर्म संपल्यावर स्कॉलरशिप काढून घेऊ शकतं, परत घ्यायलाच हवं असंही नाही, आणि नाव पडेपर्यंत दुसऱ्या कोचला तुमच्याशी बोलायची परवानगी नाही. म्हणजे दुसरी नोकरी हातात नसताना दिलेला राजीनामाच की हा!

मग विचारलं, नव्या कोचला तू सरळ विचारलंस का पुढच्या वर्षी माझी जागा काय? नाही. ही मुलं मॅच पॉइंटला घाबरत नाहीत पण कोचच्या केबिनमध्ये तोंड उघडत नाहीत, मोठ्यांना प्रश्न विचारायची सवय आपणच लावलेली नसते, असो. तो गेला आणि कोचने स्पष्टच सांगितलं, नव्या नियमाने टीम दहाचीच ठेवायचीये, त्यात तू बसशील असं वाटत नाही. लागलं त्याला, रडलाही, पण निदान आता विचार करायला काहीतरी ठोस होतं.

नाव टाकायच्या आधी मी त्याला दोन ऑफिसांत पाठवलं. एक कम्प्लायन्स, म्हणजे कॉलेजमध्ये खेळाचे नियम बघणारं ऑफिस, कारण प्रत्येक खेळाची नाव टाकायची मुदत वेगळी असते. दुसरं इंटरनॅशनल ऑफिस, कारण एफ-वन म्हणजे स्टुडंट व्हिसावर कॉलेज बदलताना सेव्हिस रेकॉर्ड (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) नव्या कॉलेजकडे जावं लागतं, नवा आय-ट्वेंटी (व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म) लागतो आणि मध्ये पाच महिन्यांपेक्षा जास्त गॅप चालत नाही, आणि हे टेनिसचा कोच बघेल असं समजून राहू नका.

नाव टाकल्यावर दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. पहिलं कॉलेज नावाजलेलं, पण तिथे त्याचे बरेच क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचे गुणांक, नुसते इलेक्टिव्ह म्हणजे ऐच्छिक विषय म्हणून धरणार होते. इथे मुलं हमखास फसतात, कारण थर्ड इयरला खेळायचं तर डिग्रीचा ४० टक्के भाग झालेला लागतो आणि तो मोजतात नव्या कॉलेजच्या डिग्रीवर, म्हणजे क्रेडिट भरपूर असूनही परत बाकावरच. दुसरं कॉलेज फारसं कोणी ऐकलेलं नाही, स्कॉलरशिप आधीपेक्षा कमी, पण क्रेडिट जवळजवळ सगळे मेजरमध्ये, म्हणजे डिग्रीच्या मुख्य विषयात, बसत होते. त्याने आधी क्रेडिटचं लेखी मागून घेतलं आणि मग दुसरं निवडलं.

फीमधला फरक आता घरून भरावा लागणारे. आईने ते मान्य केलंय, बाबा अजून म्हणतात मोठं नाव सोडायला नको होतं. पुढचं सेशन मी त्यांच्याबरोबरच ठेवलंय.