पुरस्कार जाहीर करण्याआधी

प्रिय मित्रा,

तू सुरू करणार असलेल्या विज्ञान-तंत्रज्ञान पुरस्काराच्या मसुद्यात सन्मानचिन्हावर दोन पाने आहेत आणि निवड कोण करणार यावर चार ओळी. आधी त्या चार ओळींचे बघ.

आल्फ्रेड नोबेल यांनी 27 नोव्हेंबर 1895 रोजी पॅरिसमध्ये आपल्या पारितोषिकांची तरतूद असलेल्या मृत्युपत्रावर सही केली. निवडीचे काम ज्या संस्थांवर सोपवले, त्यांना आधी विचारलेच नव्हते. 10 डिसेंबर 1896 रोजी ते गेले आणि नातेवाइकांनी हरकत घेतली. त्यांचे कायदेशीर वास्तव्य फ्रान्समधले की स्वीडनमधले, यावरही वाद झाला. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारे रागनार सोहलमन आणि रुडॉल्फ लिल्येक्विस्ट यांनी चिकाटीने तडजोडी घडवल्या, तेव्हा कुठे 29 जून 1900 ला नियमावली मंजूर झाली. पहिले पारितोषिक दिले गेले ते मृत्यूनंतर बरोबर पाच वर्षांनी. म्हणून निवड करणाऱ्या संस्थेची लेखी संमती आधी घे. खर्च कोण देणार आणि देणगीदाराला निवडीत मत नाही, हे ट्रस्टच्या दस्तातच लिही.

पैशाचा हिशेब कठोरपणे कर. पारितोषिक 50 लाखांचे असेल, तर परीक्षण, प्रवास आणि कार्यालय यांसाठी तितकेच धर. वर्षाला निधीच्या 4 टक्क्यांहून जास्त काढायचे नाही असे ठरवलेस, तर 25 कोटी लागतील. उरलेले उत्पन्न मुद्दलात जाऊ दे, नाहीतर महागाई निधी खाते. नोबेल निधी ‘सुरक्षित रोख्यांत’ ठेवायचा होता. त्याचा अर्थ इतका अरुंद लावला गेला की पारितोषिकाचे खरे मोल कित्येक दशके घसरत राहिले. 1946 मध्ये करमाफी मिळाली आणि 1953 मध्ये शेअर्सची मुभा, मग ते सावरू लागले. गुंतवणुकीचे कलम लवचीक ठेव.

पात्रतेचे शब्दही तोलून घे. मृत्युपत्रात ‘मागील वर्षी’ केलेले काम असे होते. एका वर्षात शोधाचे महत्त्व कळत नाही, म्हणून नियमावलीत जुन्या कामालाही जागा द्यावी लागली. किती जणांत वाटणी, तेही आत्ताच ठरव. लायगो या अमेरिकेतील वेधशाळेच्या गुरुत्वीय लहरींवरील (अवकाश-काळात उठणाऱ्या तरंगांवरील) शोधनिबंधावर हजाराहून जास्त नावे होती. पण नोबेलच्या नियमामुळे 2017 चे पारितोषिक तिघांनाच देता आले. तुझा पुरस्कार तंत्रज्ञानालाही आहे, तेव्हा चमूला तो देता येईल असे कलम घाल. मला ते फार गरजेचे वाटते.

नामांकने निमंत्रणानेच मागव, स्वतःचे नाव सुचवायला मनाई कर. नोबेलसाठी स्टॉकहोममधून निमंत्रणाची पत्रे सप्टेंबरात जातात, मुदत 31 जानेवारीला संपते आणि निर्णय ऑक्टोबरात होतो. तू परीक्षणाला तीन महिने धरले आहेस. परदेशी तज्ज्ञांचे अहवाल तेवढ्यात येणार नाहीत. निदान आठ महिने ठेव.