.३०८ रायफलच्या काडतुसात दारू किती भरायची, हे क्विकलोडवरून ठरवता येईल का?

तुम्ही ह्यूस्टनजवळ राहता, ग्रीन कार्ड आहे, एफ-टीआर या लांब पल्ल्याच्या नेमबाजी स्पर्धेसाठी .३०८ विंचेस्टरची रायफल घेतली आहे. घरी काडतुसं भरायची प्रेस आणि डाय ही साधनं येऊन पडलीत. आता तुमचं विचारणं असं की क्विकलोड किंवा गॉर्डन्स रिलोडिंग टूल या सॉफ्टवेअरमध्ये आकडे टाकून दारूचं वजन सरळ काढता येईल का, म्हणजे मॅन्युअलवर (तपासलेल्या वजनांच्या पुस्तकावर) पैसे घालायला नकोत.

नाही. वजन मॅन्युअलमधूनच घ्यायचं, आणि तेही त्यात दिलेलं सुरुवातीचं, सगळ्यात कमी वजन. पैशांचाच प्रश्न असेल तर हॉजडन कंपनीचे आकडे त्यांच्या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतात. सॉफ्टवेअर मात्र जरूर ठेवा. मी कोलोरॅडोत याच प्रकारात नेमबाजी करते आणि नवीन लोड, म्हणजे गोळी आणि दारूची नवी जोडणी, बांधताना ते सतत उघडं असतं. फक्त त्याला काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, हे आधी पक्कं करून घ्या.

हे दोन्ही प्रोग्रॅम जर्मनीतले, आणि दोघंही नळीच्या आतलं गणित करतात. काडतुसाच्या बुडातल्या प्रायमरची ठिणगी पडली की दारू पेटते, वायू तयार होतो, दाब चढतो. दाब चढला की दारू आणखी जोरात जळते. तेवढ्यात गोळी पुढे सरकते, मागची जागा वाढते आणि दाब उतरू लागतो. हा सगळा खेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा जेमतेम थोड्या जास्त वेळात आटोपतो. प्रोग्रॅम त्या वेळेचे बारीक बारीक तुकडे पाडून हिशेब करत जातो आणि शेवटी पडद्यावर दाखवतो: कमाल दाब ५८,३४७ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). .३०८ साठी सामी या अमेरिकन मानक संस्थेची मर्यादा ६२,००० पीएसआय आहे. साडेतीन हजारांची ऐसपैस जागा शिल्लक आहे असं कुणालाही वाटेल. धोका नेमका इथेच आहे. तो आकडा तुमच्या रायफलीत कुणी मोजलेला नाही. तुम्ही भरलेल्या माहितीवरून, आणि जी भरली नाहीत तिथे प्रोग्रॅमने स्वतःहून धरलेल्या किमतींवरून तो निघाला आहे.

उदाहरण म्हणून केसची, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याची, आतली जागा घ्या. प्रोग्रॅममध्ये .३०८ साठी एक ठरावीक आकारमान आधीच भरलेलं असतं, साधारण ५६ ग्रेन पाण्याइतकं (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक). तुमची केस तशीच असेल असं मुळीच नाही. लष्करी केसची भिंत जाड असते, त्यामुळे आत जागा कमी. जागा कमी म्हणजे तेवढ्याच दारूत दाब जास्त. हे मोजायला मोठी साधनं लागत नाहीत. तुमच्याच रायफलीतून उडवलेली केस घ्या, जुना प्रायमर आतच राहू द्या, कोरडी वजन करा. मग ड्रॉपरने पाणी भरा. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकला तर बुडबुडे अडकत नाहीत. पाण्याचा पृष्ठभाग तोंडाशी सपाट दिसला पाहिजे, फुगलेला नको आणि खोलगटही नको. पुन्हा वजन करा आणि वजाबाकी करा. पाच-सहा केसची सरासरी काढून ती प्रोग्रॅममध्ये भरा आणि दाबाचा आकडा कसा हलतो ते डोळ्यांनी बघा. एवढं एकदा केलंत की पडद्यावरच्या शेवटच्या तीन अंकांवर पुन्हा कधी विश्वास बसणार नाही.

गोळी केसमध्ये किती खोल बसवली आहे आणि नळीच्या आट्यांपासून (आतल्या पिळदार खाचांपासून) किती अंतरावर आहे, यानेही गणित बदलतं. गोळी आट्यांना टेकलेली असेल तर सुरुवातीचा दाब बराच वर जातो. प्रायमर कोणता लावलाय याचा तर प्रोग्रॅमला पुरता पत्ताच नसतो. एकाच नावाच्या दारूचे दोन लॉटसुद्धा अगदी सारखे जळत नाहीत.

आणि दारू निवडताना यादीत डोळे उघडे ठेवा. एच ४३५०, आयएमआर ४३५० आणि अ‍ॅक्युरेट ४३५० या तीन वेगवेगळ्या दारू आहेत. आकडा सारखा दिसतो म्हणून एकीचं वजन दुसरीला लावायचं नाही. प्रोग्रॅम बिचारा तुम्ही ज्या नावावर क्लिक केलंत त्याचंच उत्तर देणार.

मग याचा उपयोग काय? माझ्या मते दोन, आणि दोन्ही मोठे.

पहिला, पैसे खर्च करण्याआधी तुलना. तुमच्या नळीच्या लांबीत आणि तुमच्या गोळीच्या वजनाला कोणती दारू केस नीट भरते, नळीतून बाहेर पडेपर्यंत कोणती पूर्ण जळते, कोणती अर्धवट राहून तोंडाशी नुसता जाळ करते, हे बसल्या जागी कळतं. इथे आकडा थोडाफार चुकला तरी क्रम बहुधा बरोबर येतो. चार डबे आणून त्यातले तीन कपाटात पडून राहण्यापेक्षा हे बरं. ह्यूस्टनच्या उन्हाळ्याचाही विचार करा. तापलेल्या गाडीत राहिलेली काडतुसं जास्त दाब देतात. व्हारगेटसारखी, तापमानाने कमी बदलणारी दारू .३०८ वाल्यांमध्ये इतकी चालते ती याचसाठी.

दुसरा उपयोग रेंजवरून परतल्यावरचा. समजा प्रोग्रॅमने वेग २,६२० फूट प्रति सेकंद सांगितला आणि क्रोनोग्राफने, म्हणजे वेग मोजणाऱ्या यंत्राने, २,६८० दाखवला. नवशिका खूश होतो, साठ फूट फुकटात मिळाले म्हणून. पण तीच गोळी आणि तीच नळी असताना जादा वेग दाबाशिवाय येत नाही. तिथे थांबायचं. वजनकाटा, केसची जागा, गोळीची खोली, नळीची लांबी, दारूचा डबा, एकेक तपासायचं. बरेच जण हे न करता प्रोग्रॅममध्ये दारूच्या जळण्याचा वेग थोडा वाढवतात, आकडे जुळले की समाधान मानतात. वेग तीन-चार वेगवेगळ्या रस्त्यांनी जुळवता येतो आणि प्रत्येक रस्त्यावर दाब वेगळा निघतो. आधी सगळी मापं खरी भरा. त्यानंतर उरलेला थोडा फरक दारूच्या लॉटच्या खात्यावर टाकला तर हरकत नाही.

प्रायमर चपटा झाला, केसच्या बुडावर इजेक्टरचा (केस बाहेर फेकणाऱ्या भागाचा) ठसा उठला, बोल्ट उघडायला जड गेला, ही लक्षणं दिसेपर्यंत तुम्ही मर्यादा ओलांडलेली असते. ती दिसली नाहीत म्हणजे सगळं ठीक आहे, असाही अर्थ काढू नका. उलट दिशेनेही जपा. मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या वजनापेक्षा खाली जायचं नाही. सावकाश जळणारी दारू मोठ्या केसमध्ये अगदी थोडी भरली तर दाब अचानक उसळल्याची उदाहरणं आहेत, आणि ते कोणताच प्रोग्रॅम आधी सांगत नाही. म्हणूनच मी या उत्तरात दारूचा एकही आकडा लिहिलेला नाही. कुणा अनोळखी माणसाने दिला तरी घेऊ नका.

तुम्ही 'ऑप्टिमल बॅरल टाइम'बद्दलही विचारलंत. गोळी नळीत किती काळ असते ते काढायचं आणि नळीतली कंपनं तोंडाशी शांत असतील त्या क्षणी ती बाहेर पडेल असं वजन शोधायचं, अशी ती कल्पना. ऐकायला सुंदर आहे. पण तिच्या बाजूने दाखवले जाणारे बहुतेक पुरावे तीन-तीन आणि पाच-पाच गोळ्यांच्या गटांचे असतात. पाच गोळ्यांवरून वेगाचं प्रमाण विचलन (वेग सरासरीभोवती किती विखुरलेत याचं माप) १० आलं, तर संख्याशास्त्राच्या नेहमीच्या ९५ टक्के हिशेबाने खरं मूल्य ६ ते २९ यांच्यात कुठेही असू शकतं. वीस गोळ्या मोजल्यात तर तोच पट्टा साधारण साडेसात ते साडेचौदावर येतो. म्हणजे पाच गोळ्यांवरून हा लोड चांगला आणि तो वाईट ठरवणं हे नाणं उडवण्याच्या फार पुढचं नाही. माझं ठाम मत आहे की त्या सिद्धांतापायी नळी झिजवण्यापेक्षा दोनच लोड निवडा आणि प्रत्येकाच्या वीस गोळ्या मोजा.

तुमच्या स्पर्धेत याचं मोल किती, तेही सांगते. १,००० यार्डांवर एफ-क्लासच्या लक्ष्यातलं दहाचं वर्तुळ दहा इंच व्यासाचं असतं, त्यातलं एक्स हे सगळ्यात आतलं वर्तुळ पाच इंचांचं. १७५ ग्रेनच्या नेहमीच्या गोळीला त्या अंतरावर वेगातला ३० फुटांचा फरक उंचीत दहा इंचांच्या आसपास पडतो. वाऱ्याचा विचार सुरूही केला नाही, तोवर अख्खं वर्तुळ संपलं. १०० यार्डांवर मात्र हा फरक दिसतही नाही. म्हणून तिथल्या सुरेख गटावर भाळून लोड पक्का करू नका.

इथून पुढे दुसऱ्या प्रकारचं सॉफ्टवेअर लागतं, नळीच्या बाहेरचं गणित करणारं. जेबीएम बॅलिस्टिक्स आंतरजालावर फुकट आहे आणि उत्तम आहे. त्यात दोन जागी माणसं हमखास अडकतात. एक, बॅलिस्टिक कोएफिशंट, म्हणजे गोळी हवा किती सहज कापते तो आकडा. तो जी-१ आणि जी-७ अशा दोन मापांत देतात. १७५ ग्रेनच्या त्याच गोळीचा जी-१ साधारण ०.५ असतो आणि जी-७ साधारण ०.२४. खोक्यावरचा जी-१ आकडा जी-७ च्या रकान्यात भरलात तर गोळी प्रत्यक्षापेक्षा दुप्पट सरस असल्यासारखं उत्तर येतं आणि १,००० यार्डांवर गोळी लक्ष्याच्या कितीतरी आधी मातीत जाते. दोन, हवेचा दाब. हवामानाचं ॲप समुद्रसपाटीला जुळवून घेतलेला दाब दाखवतं. ह्यूस्टनला त्याने बिघडत नाही. पण स्पर्धेसाठी माझ्याकडे डेन्व्हरला आलात, तर ॲप पाऱ्याचे ३० इंच म्हणेल आणि प्रत्यक्षात दाब साडेचोवीसच्या आसपास असेल. प्रोग्रॅमला यातला कोणता दाब हवा आहे ते रकान्याशेजारी लिहिलेलं असतं. तेवढं वाचा.

हे उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी कायद्याचं थोडं. अमेरिकेत स्वतःपुरतं काडतूस भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायचं असेल तर लागतो. राज्यांचे नियम वेगळे असू शकतात. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांनी मात्र नीट ऐका: वैध शिकारीचा परवाना अशा मोजक्या अपवादांखेरीज तुम्हाला बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगता येत नाही. मित्राच्या आग्रहाला भुलून यात पडू नका, ग्रीन कार्डच्या वाटेवर ते फार महागात पडेल.

भारतात तर शस्त्र अधिनियम १९५९ खाली परवान्याशिवाय काडतूस तयार करणं हा गुन्हाच आहे. स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला पदक आणल्यापासून कोल्हापूरकडची मुलं मला विचारतात की तो कोणता लोड भरतो. त्याच्या ५० मीटर प्रकारात .२२ रिमफायर काडतूस असतं आणि ते घरी भरता येण्याजोगं नसतंच. त्या खेळातले नेमबाज कारखान्याचे वेगवेगळे लॉट आपल्याच नळीतून उडवून बघतात आणि जो लॉट गोळ्या एकमेकींच्या अगदी जवळ टाकतो, त्याची पेटीच्या पेटी विकत घेऊन ठेवतात.