सत्तरीच्या बाबांना ऑर्लँडोच्या पार्कमध्ये न्यावं की हॉटेलवर आराम करू द्यावा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. अमेरिकेत फ्लोरिडातल्या ऑर्लँडोला डिस्नेच्या हॉलिवूड स्टुडिओज पार्कमधली जुन्या सिनेमांची ग्रेट मूव्ही राइड बंद झाली, तर तिच्या जागी आलेली राइड बघण्यासारखी आहे का. आणि सत्तरीचे बाबा कंटाळतील, तर त्यांना हॉटेलवरच राहू द्यावं का. दुसरा प्रश्न वाचून राहवलं नाही. न्या त्यांना. हॉटेलच्या खोलीत बसवायचं होतं तर एवढ्या लांब नेताच कशाला?

माझे बाबा नागपुरात बर्डीवरच्या एका टॉकीजमध्ये प्रोजेक्टर चालवणारे ऑपरेटर होते, ३१ वर्षं. २०१४ मध्ये मी टँपाला नोकरीत असताना आई-बाबा आले होते. तिथून ऑर्लँडो गाडीने दीड तास. फोनवर दादा म्हणाला, "या वयात त्यांना बाहुल्या दाखवायला कायले नेतो बे?" तरी नेलं.

ग्रेट मूव्ही राइड म्हणजे हॉलिवूडच्या प्रसिद्ध चायनीज थिएटरची हुबेहूब दर्शनी इमारत, आत काचेच्या कपाटांत सिनेमांतल्या खऱ्या वस्तू, मग टॉकीजसारख्या ओळींची उघडी गाडी. पावसात दिव्याच्या खांबाला लटकलेला नट जीन केलीचा हलता पुतळा, पुढे गँगस्टरांची गल्ली. तिथे गोळीबार व्हायचा आणि एक जिवंत नट आपली गाडीच पळवून न्यायचा. माझी मुलगी सहा वर्षांची होती. यातला एकही सिनेमा तिला माहीत नव्हता. 'विझार्ड ऑफ ऑझ'ची हिरवी चेटकीण धुरातून वर आली तेव्हा ती किंचाळली आणि रात्री तोच सिनेमा मागत बसली. बाबांना टारझन तेवढा ओळखीचा, कारण तो त्यांनी स्वतः चालवला होता. 'कॅसाब्लांका'चं विमान दिसलं तेव्हा ते नुसते हात जोडल्यासारखे बसून होते.

शेवटी गाडी एका छोट्या थिएटरात थांबायची आणि पडद्यावर अनेक सिनेमांचे तुकडे धावायचे. सगळे समोर बघत होते. बाबा मान वळवून मागे बघत होते. उजेड कुठून येतो ते शोधत होते.

बाहेर येताच घड्याळ बघून म्हणाले, "बावीस मिनिटं. एक रीळ झालं." दोन हजार फुटांचं रीळ मिनिटाला नव्वद फुटांनी बरोबर तेवढंच चालतं. त्या दिवशी आम्ही तीनदा बसलो.

दादा आजही म्हणतो की बाबांनी जन्मभर बटण दाबलं. मी लहानपणी टॉकीजच्या त्या प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये बसलोय. मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री, आत प्रोजेक्टरमध्ये कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये पेटलेली ज्योत. कांड्या जळत जातात, मधलं अंतर हाताने सांभाळावं लागतं. जरा वाढलं की पडदा अंधारतो आणि स्टॉलमधून शिट्ट्या सुरू. रीळ संपत आलं की चित्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकायचा, तेव्हा पुढच्या रिळाचं दुसरं मशीन सुरू करायचं, पुन्हा चमकला की त्याच क्षणी बदलायचं. प्रेक्षकाला कळता कामा नये. रोज चार खेळ.

टॉकीज बंद झाली तेव्हा मशीनं भंगाराच्या भावात गेली. बाबांनी फक्त एक लेन्स आणि फिल्म जोडायचं लहानसं यंत्र घरी आणलं होतं. २०१६ च्या दिवाळीच्या साफसफाईत दादाने तेही भंगारवाल्याला दिलं. "गंजलेलं लोखंड ठेवून करायचं काय?" म्हणे. ऑर्लँडोत अशाच वस्तू काचेत ठेवल्या होत्या आणि लोक थांबून बघत होते. बाबा एक शब्द बोलले नाहीत, पण महिनाभर ती माळ्यावरची जागा बघत राहायचे. दादा, तू हे वाचत असशील तर वाच. तू चुकलास. हे मी तुला तोंडावरही सांगितलंय.

ती राइडही १९८९ मध्ये पार्क उघडलं त्या दिवसापासून चालून १३ ऑगस्ट २०१७ ला बंद झाली. ती बंद करणं साफ चूक होती. आजच्या मुलांना जुने सिनेमे माहीत नाहीत, असं कारण कोणी दिलं तरी मला पटत नाही. दाखवल्याशिवाय माहीत होणार कसे?

आता नव्या राइडबद्दल. त्याच इमारतीत मार्च २०२० पासून मिकी आणि मिनीची रेल्वे आहे. दर्शनी भाग तोच. गाड्या रुळाशिवाय फिरतात, उंचीची अट नाही, म्हणजे लहान मुलं आणि बाबा एकत्र बसू शकतात. मी भारतात परतल्यावर ती सुरू झाली, त्यामुळे बसलेलो नाही. जुन्या सिनेमांसाठी जाणार असाल तर मात्र तिथे काही मिळणार नाही, ते सगळं गेलं.

हो, चालणं फार आहे. गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर भाड्याने मिळते, लाजू नका. ऊन आपल्याइतकं नसलं तरी दमट हवेने माणूस थकतो आणि उन्हाळ्यात दुपारी पाऊस येतो. सकाळी दार उघडताच आत जा. रांग तरीही लागेलच. त्या रांगेत बाबांना विचारा, पहिला सिनेमा कुठल्या टॉकीजमध्ये पाहिला आणि तिकीट किती होतं. मी माझ्या बाबांना रांगेत विचारलं होतं, आणि आमचा नंबर आला तरी त्यांचं सांगणं संपलं नव्हतं.