राऊंड कमी करा, सर! कॉलेजच्या स्प्रिंटर आणि हर्डलर्सचे प्रश्न

इंटर-कॉलेजिएट जवळ आली की मेसेज वाढतात आणि निम्मे मेसेज एकाच तक्रारीचे असतात, की मॅडम एवढं पळतोय तरी टायमिंग का उतरत नाही. त्यातले काही प्रश्न या वेळी घेतेय.

प्रश्न: मी तालुक्याच्या गावी कॉलेजात फिजिकल डायरेक्टर आहे. १०० मीटरची चार पोरं बरी आहेत. रोज सकाळी ग्राउंडचे ५ राऊंड वॉर्मअप, मग १०० मीटरचे १० रिपीट, चालत परत यायचं की पुढचा. पोरं कष्टाळू आहेत, एक दिवस चुकवत नाहीत, पण टायमिंग जिथल्या तिथं. काय बदलू?

सर, पहिल्यांदा ते राऊंड बंद करा. ४०० चे ५ राऊंड म्हणजे दोन किलोमीटर झाले की, आणि तेही मेन वर्कआउटच्या आधी. त्यानंतर १० वेळा १०० मीटर, मध्ये जेमतेम दीड-दोन मिनिटं. तिसऱ्या-चौथ्या रिपीटनंतर पोरगं फुल स्पीडला पळूच शकत नाही, ते ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर येतं, आणि मग उरलेले सहा-सात रिपीट आपण त्याच्याकडून ऐंशी टक्क्यांवर पळायचीच प्रॅक्टिस करून घेतो. दोन वर्षं रोज. मग स्पर्धेत ते तेवढंच पळणार ना. शर्यतीचा बैल कुणी सकाळी नांगराला जुंपून दुपारी घाटात सोडतो का?

फुल स्पीडला लागणारं इंधन स्नायूत अगदी थोडं असतं, काही सेकंदांत संपतं आणि परत भरायला मिनिटं लागतात. म्हणून ट्रॅकवर एक ढोबळ हिशोब चालतो, जीव तोडून पळालेल्या प्रत्येक १० मीटरला साधारण एक मिनिट रेस्ट. ३० मीटर पळाला तर तीन मिनिटं, ८० पळाला तर आठ. ऐकायला जास्त वाटतं पण करून बघा.

आठवडा असा लावा. सोमवारी फक्त ॲक्सिलरेशन, २० मीटरचे चार आणि ३० मीटरचे चार, स्टार्टिंग ब्लॉक नसतील तर थ्री पॉइंट स्टार्टनं, म्हणजे एक हात जमिनीला टेकवून. बुधवारी फ्लाइंग, म्हणजे २५-३० मीटर स्पीड वाढवत यायचं आणि पुढचे फक्त २० मीटर मोजायचे, असे चार-पाच, प्रत्येकानंतर पाच-सहा मिनिटं. शुक्रवारी ८० ते १२० मीटरचे तीन किंवा चार, मध्ये भरपूर रेस्ट. मंगळवारी आणि शनिवारी गवतावर आरामात टेम्पो, बोलता येईल एवढ्याच स्पीडनं, आणि जमलं तर थोडं जिम. गुरुवार-रविवार सुट्टी. वॉर्मअपला एक-दोन हलके राऊंड पुरे, बाकी ए-स्किप (गुडघे वर उचलत उड्या), लेग स्विंग, तीन-चार स्ट्राइड्स (हळूहळू स्पीड वाढवत सुटं पळणं). थंडीत सहाला ग्राउंडवर असाल तर वॉर्मअप अजून दहा मिनिटं लांबवा, हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, जायचे सगळ्यात जास्त चान्स तेव्हाच असतात.

आणि फ्लाइंगला वेळ जास्त लागायला लागला की त्या दिवशीचं काम तिथंच थांबवा, पाच ठरवले होते म्हणून पाचवा काढू नका.

एक अडचण येणार ते आत्ताच सांगते. पोरं निम्मा वेळ बसलेली दिसतात आणि प्राचार्य किंवा मॅनेजमेंटचं कुणी फेरी मारायला आलं की विचारतात, यांची प्रॅक्टिस चालूय का गप्पा. त्यांच्या हातात स्टॉपवॉच द्या, एक ३० मीटर मोजायला सांगा, विषय संपतो.

दुसरी अडचण भरतीची. तुमच्या चारातली दोन तरी पोरं पोलीस भरतीची तयारी करत असणार, आणि तिथं १६०० मीटरला २० मार्क, १०० मीटरला १५ आणि गोळ्याला १५, त्यामुळे १६०० सोड असं त्यांना कुणीच सांगू शकत नाही, पोटाचा प्रश्न आहे. त्यांना एवढंच सांगा की स्पीडचं काम आधी, ताज्या पायावर, आणि १६०० ची तयारी टेम्पोच्या दिवशी. त्यांची १०० मीटरची पण मार्कं वाढतात त्यानं.

बोल्टनं २००९ ला बर्लिनमध्ये ९.५८ लावले तेव्हा ६० ते ८० मीटरचा तुकडा १.६१ सेकंदांत गेला आणि शेवटचे २० मीटर १.६६ मध्ये, म्हणजे शेवटी तोही स्लो झाला. शेवटी दमतात म्हणून अजून लांब पळवा असं आपल्याकडं सर्रास चालतं, पण टॉप स्पीडच वाढला तर स्लो झाल्यावरचा स्पीड पण वाढतो.

प्रश्न: कॉलेजच्या स्पोर्ट्स डेला मी १०.९ पळालो, सगळ्यांनी उचलून घेतलं. युनिव्हर्सिटीला इलेक्ट्रॉनिक टायमिंग होतं, ११.४ आले. एका महिन्यात एवढा स्लो झालो का?

नाही रे, आधी पण ११.४ च्या आसपासच असशील. हातानं घेतलेलं टायमिंग इलेक्ट्रॉनिकशी लावून बघायचं तर १०० मीटरला ०.२४ सेकंद मिळवायची पद्धत आहे, म्हणजे तुझे १०.९ झाले ११.१४. उरलेलं कुठं गेलं? फिनिशला उभा असलेला टाइमकीपर बंदुकीचा धूर बघून घड्याळ चालू करत नसेल, आवाज ऐकून करत असेल, तर आवाजालाच १०० मीटर यायला ०.३ सेकंदाच्या जवळपास लागतात. ते तुला फुकट मिळाले. वर कॉलेजचं ग्राउंड टेपनं नीट मोजलेलं होतं का आणि वारा पाठीमागून होता का हे देवालाच माहीत.

वाऱ्यावरून आठवलं, आपली हर्डलर ज्योती याराजी, तिनं २०२० मध्ये मूडबिद्रीच्या ऑल इंडिया इंटर युनिव्हर्सिटीला १०० मीटर हर्डल्स १३.०३ मध्ये मारली होती. तेव्हाचा नॅशनल रेकॉर्ड १३.३८ होता, पण तिथं तिची डोप टेस्ट झाली नव्हती म्हणून रेकॉर्ड धरलं गेलं नाही. नंतर २०२२ ला कोझिकोडला १३.०९ आले तर पाठीमागचा वारा सेकंदाला २.१ मीटर निघाला, रेकॉर्डला लिमिट २.० चं. परत गेलं. पुढच्याच महिन्यात सायप्रसला १३.२३ पळून तिनं रेकॉर्ड घेतलंच, आणि २०२३ ला चेंगडूच्या वर्ल्ड युनिव्हर्सिटी गेम्समध्ये १२.७८ आणि ब्राँझ. तू आपले ११.४ डायरीत लिही आणि १०.९ चं स्टेटस काढून टाक. शतांशानं काय होतं असं वाटत असेल तर १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये पी. टी. उषाचं ब्राँझ एक शतांश सेकंदानं गेलं होतं.

प्रश्न: वय १९, उंची ५ फूट ८. ज्युनियरला ११० हर्डल्समध्ये १४.९ आहेत. आता युनिव्हर्सिटीला सिनियरचे हर्डल, पाचव्या हर्डलनंतर तीन स्टेप पुरतच नाहीत, चार पडतात आणि पाय बदलतो, मग एखादं हर्डल अंगावर घेतो. आमचे सर म्हणतात स्टेप लांब टाक. लांब टाकायला गेलो की अजून बिघडतं.

बिघडणारच. सरांचा अनुभव मोठा असेल, पण या बाबतीत माझं मत उलटं आहे.

गणित बघ. ज्युनियरचं हर्डल ९९.१ सेंटिमीटर, सिनियरचं १०६.७. मधलं अंतर दोन्हीकडं तेच, ९.१४ मीटर. चांगला हर्डलर हर्डलच्या दोन मीटर किंवा थोडं जास्त आधी टेकऑफ घेतो आणि पलीकडं सव्वा मीटरच्या आसपास उतरतो. म्हणजे तीन स्टेपला उरतात फक्त पावणेसहा मीटर, एका स्टेपला दोन मीटरपेक्षा कमी. आता तू सपाट १०० मीटर पळताना तुझी स्टेप यापेक्षा मोठीच पडते ना? मग अंतर तुला पुरत नाही असं होईलच कसं. पुरत नाही कारण तू हर्डलवरून उडी मारतोयस. हर्डल साडेसात सेंटिमीटर वाढलं म्हणून तू वर उचलला जातोस, वर गेलास की हवेत जास्त वेळ, खाली आलास की पाय शरीराच्या पुढं पडतो, ब्रेक लागतो, आणि प्रत्येक हर्डलला थोडा थोडा स्पीड जात जात पाचव्याला हिशोब संपतो.

हे खरं की खोटं ते मोबाइलवर बघ. मोबाइल बाजूनं लाव, मागं कंपाऊंडची भिंत दिसेल असा, स्लो मोशनवर. पळताना तुझं डोकं भिंतीच्या वरच्या कडेच्या कुठं आहे आणि हर्डलवर असताना कुठं जातं ते बघ. थोडं वर जाणारच, पण वीतभर वर जात असेल तर रोग सापडला. त्याच व्हिडिओत एका हर्डलनंतर लीड लेग (हर्डलवरून आधी जाणारा पाय) जमिनीला लागल्यापासून पुढच्या हर्डलनंतर लागेपर्यंतचा वेळ मोज. वर्ल्ड क्लासवाल्यांचा एक सेकंदाच्या आसपास असतो, १५ सेकंदवाल्याचा १.१५ ते १.२. तुझा कितव्या हर्डलपासून वाढायला लागतो ते लिहून ठेव, खरा बिघाड त्याच्या एक-दोन हर्डल आधीच सुरू झालेला असतो.

आता करायचं काय. हर्डलच्या २ मीटर १० सेंटिमीटर आधी फक्कीची रेघ मार, टेकऑफचा पाय रेघेच्या अलीकडंच पडला पाहिजे. जवळ जाऊन टेकऑफ घेतलास की वर उडण्यावाचून पर्यायच राहत नाही. पहिले काही आठवडे ९९ वर राहा आणि मधलं अंतर कमी कर, ८.६० ठेव, म्हणजे तीन स्टेप धडाधड पडायला शिकतील. मग त्याच अंतरावर १०६.७, आधी तीन हर्डल, मग पाच. अंतर सगळ्यात शेवटी वाढवायचं. मधल्या दिवशी बारा-साडेबारा मीटरवर पाच स्टेपचं ड्रिल, तिथं घाई नसते त्यामुळे टेक्निककडं लक्ष देता येतं. ट्रेल लेगचा, म्हणजे मागून येणाऱ्या पायाचा, गुडघा काखेपर्यंत वर ओढून पुढं आण, बाजूला पडू देऊ नकोस, भिंतीला हात लावून रोज दोन्ही पायांनी कर.

आणि कॉलेजचे हर्डल कसले आहेत? वेल्डिंगच्या दुकानात बनवलेले लोखंडी असतील तर आधी ते बाजूला ठेव. नियमाचं हर्डल वरच्या पट्टीवर साधारण ३.६ ते ४ किलोचा जोर लागला की पडलं पाहिजे. लोखंडी सांगाडा पडत नाही, पोरगं पडतं, आणि एकदा नडगी फुटली की मग मनात भीती बसते आणि पोरगं अजून उंच उडतं. विटांच्या दोन थप्प्या आणि वर नुसता ठेवलेला पीव्हीसी पाइप, एवढ्यावर प्रॅक्टिस होते. रेसमध्ये हर्डल चुकून पडलं तर फाउल नसतो हे पण डोक्यात पक्कं कर.

पहिल्या हर्डलपर्यंत आठच स्टेप ठेव. हल्ली सगळ्यांना सात पाहिजेत, अमेरिकेच्या ॲरिस मेरिटनं सात स्टेपनं १२.८० चं वर्ल्ड रेकॉर्ड केलं म्हणून, पण तुझा प्रश्न तिथं नाहीये. आणि आपल्या महाराष्ट्राच्या तेजस शिरसेनं २०२४ ला फिनलंडमध्ये १३.४१ पळून आपल्या मुंबईच्याच सिद्धांत थिंगलायाचं १३.४८ चं नॅशनल रेकॉर्ड मोडलं, त्याच्या रेसचे व्हिडिओ बघ, फक्त डोकं बघ.

प्रश्न: माझी मुलगी ४०० हर्डल्स पळते, एस.वाय.ला आहे. चार महिने पाळी आली नाही. ग्राउंडवर सगळे म्हणतात खेळाडू मुलींना असं होतंच, वजन कमी झालंय ते चांगलंच आहे. पण ती सारखी दमलेली असते, नडगी दुखते म्हणते. काय करावं?

ताई, या आठवड्यात तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडं घेऊन जा, स्पर्धा होईपर्यंत थांबू नका. होतंच असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. सलग तीन महिने पाळी आली नाही तर तपासायचं असतं, खेळाडू असो नाहीतर नसो. कारणं बरीच असू शकतात, ती डॉक्टर बघतील, पण पळणाऱ्या मुलींमध्ये नेहमी दिसणारं कारण म्हणजे जेवढं खर्च होतं तेवढं पोटात जात नाही. मग शरीर पाळी थांबवतं, हाडं कमजोर व्हायला लागतात. नडगी एकाच जागी बोटानं दाबल्यावर दुखत असेल तर ऑर्थोपेडिकला पण दाखवा, स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकतं, आणि तोपर्यंत पळणं बंद. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) करायचं का ते पण विचारा.

तिचा दिवस एकदा डोळ्यांखालून घाला. साडेपाचला चहावर घराबाहेर, आठला प्रॅक्टिस संपते, तशीच लेक्चरला, आणि पहिला घास अकराला कँटीनमध्ये, असं असेल तर तिथंच मोठं भोक आहे. जाताना केळं, प्रॅक्टिस संपल्याबरोबर दोन उकडलेली अंडी नाहीतर शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी डब्यात द्या, दूध चालत असेल तर दूध. रात्री भात बंद केला असेल तर चालू करा. आणि कोचला स्पष्ट सांगा, तिच्या वजनावर ग्राउंडवर सगळ्यांसमोर बोलायचं नाही. कोचच्या तोंडावर हे बोलायला जड जातं मला माहितेय, तरी बोला.

प्रश्न: जिममधला मित्र प्री-वर्कआउट पावडर देतो, घेतली की भारी पळायला होतं. इंटर युनिव्हर्सिटीच्या आधी घेऊ का?

नको. डब्यावर लिहिलेलं नसतं ते पण आत सापडतं, आणि नाडाच्या (देशात डोप टेस्ट घेणारी संस्था) नियमात शरीरात सापडलं म्हणजे जबाबदारी तुझी, मित्राची नाही. बंदी काही वर्षांची असते, कॉलेजची वर्षं त्यातच संपतात. सर्दीच्या काही गोळ्यांत सुडोएफेड्रिन असतं, स्पर्धेच्या वेळी ते ठराविक प्रमाणाच्या वर निघालं तरी अडकतोस, म्हणून मेडिकलवाल्याला न विचारता खेळाडू आहे असं सांगून डॉक्टरकडून लिहून घे. रेसच्या तासभर आधी साधी कॉफी पी, कॅफिनवर बंदी नाही.

प्रश्न: आमच्याकडं मातीचा ट्रॅक, स्पर्धा बालेवाडीला सिंथेटिकवर. स्पाइक्सचे दोन जोड घ्यावे लागतील का?

एकच जोड घे, खिळे बदलता येणारा. सिंथेटिकवर ९ मिलिमीटरपेक्षा लांब खिळे चालत नाहीत, स्प्रिंटला ६-७ चे बास होतात, मातीला लांब लाव. खिळे आदल्या रात्री बदल, कॉल रूममध्ये (रेसआधी खेळाडूंना जमवतात तिथं) नाही, आणि बदलायचा पाना बॅगेत टाक, तिथं कुणी देत नाही. आणि मातीतून सरळ सिंथेटिकवर आलास की पोटऱ्या भरून येतात, म्हणून जमलं तर दोन दिवस आधी पोच, पहिल्या दिवशी शूजवर हलकं पळ, दुसऱ्या दिवशी स्पाइक्सवर दोन-तीन स्टार्ट मार आणि ट्रॅकवरून बाहेर ये.