वाचकांचे प्रश्न : कार्बन डायऑक्साइड टिपणारे स्फटिक

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी एचकेयूएसटी-1 हा तांब्याचा एमओएफ (धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या चौकटीचा सच्छिद्र स्फटिक) डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) हे द्रावक वापरून बनवला. आकाशी रंगाचे स्फटिक आले, एक्स-रे आलेखही जुळला. पण 25 अंश से. आणि 1 बार दाबाला कार्बन डायऑक्साइड जेमतेम 1 मिलीमोल प्रतिग्रॅम शोषला जातो. कुठे चुकतंय?

उत्तर : रंगातच उत्तर आहे. आकाशी म्हणजे तांब्याच्या मोकळ्या जागांवर पाणी बसलेले. छिद्रे खरोखर रिकामी झाली की पावडर गर्द जांभळट निळी होते. एक्स-रे आलेखावरून चौकट उभी आहे एवढेच कळते, आत कोण राहतंय ते कळत नाही.

डीएमएफ 153 अंशांना उकळते आणि तांब्याला घट्ट धरून बसते, म्हणून नुसते तापवून ते नीट निघत नाही. आधी अदलाबदल करा : पावडर निर्जल मिथेनॉलमध्ये बुडवून ठेवा, तीन दिवस रोज मिथेनॉल बदला. मग साध्या तापमानाला निर्वातात मिथेनॉल काढून टाका आणि त्यानंतर निर्वातातच 150 अंशांना रात्रभर ठेवा. घाईने तापमान फार वर नेऊ नका. पावडर तपकिरी पडू लागली तर चौकट मोडते आहे.

वजनाची चूक तर हमखास होते. ओल्या नमुन्यात चौथा हिस्सा सहज पाणीच असते आणि तेच वजन भागाकारात गेले की आकडा पडतो. नळी कोरड्या नायट्रोजनने भरून, बूच लावून, तापवल्यानंतरचे वजन घ्या. नळी हलवताना पावडर पुन्हा आकाशी झाली तर मोजमाप करू नका, परत तापवा. सगळे नीट जमले तर 4 मिलीमोलच्या आसपास यायला हवे.

प्रश्न : 2025 चे रसायनशास्त्राचे नोबेल कितागावा, रॉब्सन आणि याघी यांना एमओएफ पदार्थांसाठी मिळाले. मग कोळशाच्या वीजकेंद्रांच्या धुराड्यांवर ते का दिसत नाहीत? 13एक्स झिओलाइट (वायू शोषणारे सच्छिद्र खनिज) तर स्वस्तही आहे.

उत्तर : पाण्यामुळे. कोळशाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड 12 ते 15 टक्के असतो, पण धुऊन थंड केलेला तो धूर जवळजवळ पूर्ण दमट असतो. 13एक्स आधी पाणी पकडतो आणि ते सोडवायला सुमारे 300 अंशांपर्यंत तापवावे लागते. स्वस्ताई तिथेच संपते. कोरड्या वायूत अव्वल ठरणारा मॅग्नेशियमचा एमओएफ-74 सुद्धा ओलाव्यात ढेपाळतो. त्यामुळे जाहिरातीत फक्त कोरड्या वायूचा आकडा दिसला, तर आम्ही तो फारसा मनावर घेत नाही.

अपवाद आहे कॅल्फ-20 हा एमओएफ. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात जॉर्ज शिमिझू यांच्या गटाने तो घडवला आणि 2021 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जस्त, ट्रायझोल आणि ऑक्झलेट, म्हणजे महागडे काहीच नाही. सापेक्ष आर्द्रता 40 टक्क्यांखाली असेल तर तो पाण्याआधी कार्बन डायऑक्साइड धरतो आणि पकड सैल असल्याने वाफेने मोकळाही होतो. त्यावर आर्द्रता गेली की फायदा ओसरतो. धूर थोडा गरम केला तर आर्द्रता उतरते, पण धारणक्षमताही घटते. हा तोल साधणे हीच खरी अभियांत्रिकी. शिवाय नुसती पावडर भरली तर वायू पलीकडे जाणारच नाही, म्हणून ती पॉलिसल्फोनसारख्या प्लास्टिकच्या बंधकात बसवतात.

प्रश्न : झोपायच्या खोलीत किलोभर झिओलाइट ठेवले तर हवा सुधारेल?

उत्तर : नाही. एक माणूस दिवसाला साधारण 1 किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. तुमचे झिओलाइट मात्र हवेतल्या बाष्पानेच भरून जाईल. खिडकी उघडा.