परस्परसंवादी कथाकथन?

प्रश्न असा आहे : 'व्हिडिओ गेम म्हणजे परस्परसंवादी कथाकथन' हे वाक्य मराठीत बरोबर वाटतं का? 'इंटरॅक्टिव्ह'साठी 'परस्परसंवादी' फार बोजड होत नाही का?

बोजड आहेच, पण माझं भांडण त्याहून जास्त 'कथाकथना'शी आहे. कथाकथन म्हटलं की आपल्याला शंकर पाटील, मिरासदार, व. पु. आठवतात. माइकसमोर एक जण गोष्ट सांगतोय आणि सभागृह हसतंय. श्रोत्यांनी कितीही दाद दिली तरी शेवट ठरलेलाच. गेममध्ये असा सांगणारा असलाच पाहिजे असं नाही. (पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या २०२० सालच्या 'राजी'त आहे. तिथे दुर्गा आणि विष्णू राजीची गोष्ट सांगत राहतात.) आणि सांगणारा असला तरी गोष्ट पुढे न्यायची ती खेळणाऱ्यानेच. मुलं खेळताना काय ओरडतात ते ऐका : 'अरे, मी मेलो!' 'माझं पात्र मेलं' असं कुणी म्हणत नाही. कादंबरीतला नायक गेला तर वाचक हळहळेल, पण 'मी' म्हणणार नाही. म्हणून इथे नुसतं 'कथा' पुरे.

आता विशेषण. गोष्ट असलेल्या सुरुवातीच्या गेमना 'संवादी' अगदी चपखल बसतं. विल क्राउदर हा प्रोग्रामर गुहाही धुंडाळायचा. केंटकीतल्या मॅमथ केव्हवरून त्याने १९७०च्या दशकात एक गेम लिहिला आणि १९७७मध्ये डॉन वुड्सने तो वाढवला. त्यात चित्रं नव्हतीच. खेळणाऱ्याने 'आत जा', 'दिवा घे' अशा एकदोन शब्दांच्या आज्ञा टाइप करायच्या आणि संगणकाने पुढे काय दिसतं ते लिहून सांगायचं. हा संवादच. पुढे उड्या, मारामाऱ्या आल्या, तसं बोलणं मागे पडलं. उरलं ते एवढंच, की तुम्ही काही करता आणि गोष्ट त्याला उत्तर देते. 'अंडरटेल'मध्ये (२०१५) राक्षसांना मारायचं की सोडायचं ते तुम्ही ठरवता, शेवट त्यानुसार बदलतो. मारल्यावर पस्तावून आधी साठवलेला खेळ (सेव्ह) पुन्हा उघडलात तरी काही पात्रं ते लक्षात ठेवून टोमणा मारतात!

त्यामुळे मी 'प्रतिसादी कथा' म्हणेन. त्याच अर्थाचा 'आंतरक्रियात्मक' हा शब्द पाठ्यपुस्तकांनाच लखलाभ. मात्र सरसकट 'व्हिडिओ गेम म्हणजे' असं लिहू नका, 'काही व्हिडिओ गेम' लिहा. ठोकळे रचायच्या टेट्रिसमध्ये कुठली आलीय गोष्ट?