लाल खडक बघायला जाच, पण आधी तो ईमेल उघडा

साताऱ्याहून एका निवृत्त ग्रंथपालांचं पत्र आलं आहे. वय ६१, पेन्शन महिना ३८ हजार, घर स्वतःचं, डोक्यावर कर्ज नाही. मुलगा-सून अमेरिकेत फिनिक्सजवळ असतात. ग्रंथपाल आणि त्यांच्या पत्नी १ एप्रिलला तिकडे निघताहेत आणि महिन्याच्या मध्यावर चौघांची पाच दिवसांची मोटारसहल ठरली आहे. सेडोनाचे लाल खडक, ग्रँड कॅन्यन, पेज गावाजवळचं अँटिलोप कॅन्यन, मॉन्युमेंट व्हॅली आणि परत फिनिक्स. मुलाचा अंदाज चार लाखांचा. ‘सगळा भार त्याच्यावर नको, निम्मं मी देणार,’ असं यांचं म्हणणं. विचारलंय एवढंच, की दोन लाखांसाठी एफडी मोडू, की बँक घरबसल्या पर्सनल लोन देतेय ते घेऊ?

एफडी मोडा. दोन लाखांचं लोन १२ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता साडेसहा हजारांच्या वर जातो आणि व्याज जवळपास ४० हजार होतं. एफडी मुदतीआधी मोडली तर बहुतेक बँका व्याजात अर्धा ते एक टक्का कापतात. दोन लाखांवर तो फटका वर्षाला फार तर दोन हजारांचा. घरात ४० लाखांच्या ठेवी असताना सहलीसाठी कर्ज काढायचं कारणच काय?

तुमचा प्रश्न इथे संपला. माझा तुमच्या ताज्या कलमापासून सुरू होतो.

तुम्ही लिहिता, ‘पुढच्या वर्षीपासून ही अडचण येणार नाही. फेब्रुवारीत एक एफडी संपली तेव्हा बँकेतल्या मॅडमनी त्यातले ५ लाख गॅरंटीड इन्कम योजनेत टाकून दिले. त्याच्या उत्पन्नात दरवर्षी परदेशची एक सहल सहज निघेल म्हणाल्या. कागद ६ मार्चला ईमेलवर आलेत, पण मोबाइलवर उघडत नाहीत. सोबत पाठवतो.’

मी उघडले. ती एफडी नाही, एफडीची बहीणही नाही. ती आयुर्विम्याची पॉलिसी आहे. तिसऱ्या पानावर चौकटीत लिहिलंय, वार्षिक हप्ता ५,००,०००, हप्ते भरण्याचा कालावधी १० वर्षे. म्हणजे तुम्ही पाच लाख ‘ठेवले’ नाहीत, पन्नास लाख भरायचं कबूल केलंत. पुढचा हप्ता येत्या फेब्रुवारीत, आणि तुमची अख्ख्या वर्षाची पेन्शन आहे साडेचार लाख. पेन्शनपेक्षा मोठा हप्ता ज्या फॉर्मवर बसला, त्याच फॉर्मवर उत्पन्नाच्या रकान्यात १२ लाख लिहिलेत. तो आकडा तुम्ही लिहिला नसणार. कंपनीचा पडताळणीचा फोन आला असेल आणि ‘सगळ्याला हो म्हणा’ असं आधीच बजावलं गेलं असेल.

आता तुमच्या घरचा हिशेब. उरलेल्या ३५ लाखांवर ७ टक्क्यांनी अडीच लाख व्याज, त्यात साडेचार लाख पेन्शन, मिळून सात. घरखर्च तुम्ही महिना ३५ हजार लिहिलाय, म्हणजे वर्षाला सव्वाचार. शिल्लक पावणेतीन लाख आणि हप्ता पाचचा. दरवर्षी सव्वादोन लाख मुदलातून काढावे लागतील. उरलेल्या नऊ हप्त्यांत किमान वीस लाख गेले, आणि मुद्दल घटलं की व्याजही घटतं, ते वेगळंच.

बदल्यात काय मिळणार? बाराव्या वर्षाच्या शेवटापासून पंधरा वर्षं, दरवर्षी ७ लाख. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात ‘१४० टक्के गॅरंटीड’ छापलंय ते हेच, पाच लाखांच्या हप्त्याला सात लाख. त्या टक्केवारीचा व्याजदराशी काही संबंध नाही. पन्नास लाख भरून एक कोटी पाच लाख मिळतात हे खरं, पण पहिला रुपया भरल्यापासून शेवटचा रुपया मिळेपर्यंत सव्वीस वर्षं जातात. सगळं धरून परतावा पडतो वर्षाला सव्वापाच टक्क्यांच्या आसपास. तुमची साधी एफडी याहून जास्त देते.

पहिले सात लाख हातात येतील तेव्हा तुम्ही ७३ वर्षांचे असाल. ज्या पैशांवर पुढच्या वर्षी आलास्काला जायचं म्हणताय, ते तोवर दिसणारही नाहीत.

हप्ता नेमका पाच लाखांचाच का, हेही सांगतो, कारण असे कागद माझ्याकडे सतत येतात. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या अशा पॉलिसींचा एकूण वार्षिक हप्ता पाच लाखांच्या वर गेला, तर मिळणाऱ्या रकमेवरची करसवलत जाते. म्हणून विकणारे बरोबर पाचावर थांबतात आणि ‘टॅक्स फ्री’ म्हणून गळ्यात मारतात. तुमचं उत्पन्न पेन्शन आणि व्याज मिळून सात लाख. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत तसाही कर पडत नाही. जो कर लागतच नाही, त्याच्या सवलतीसाठी तुम्ही पन्नास लाख गुंतवताय. राहिला विमा. मुलगा कमावता, कर्ज नाही, पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन आहे. ६१ व्या वर्षी हा विमा कोणासाठी?

हे सगळं आज रद्द होऊ शकतं. पॉलिसीचा कागद हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, याला फ्री लुक म्हणतात. कागद ईमेलवर आला तरी मुदत तीच. तुमचा आला ६ मार्चला, म्हणजे ५ एप्रिलपर्यंत वेळ आहे. त्या दिवशी तुम्ही फिनिक्सला जेट लॅगमध्ये झोपलेले असाल, म्हणून हे काम सूटकेस भरायच्या आधी उरकायचं. त्या दिवसांचा विम्याचा खर्च, स्टॅम्प ड्यूटी आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च, एवढं कापून बाकी पैसे परत येतात. मुदत उलटली की मात्र तुम्ही अडकलात. दुसरा हप्ता भरला नाही तर पाच लाखांतले हातात किती थोडे येतील, ते त्याच पीडीएफमधल्या सरेंडरच्या, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडण्याच्या, तक्त्यात बघा. बघितल्यावर चहा गोड लागणार नाही.

अर्ज बँकेच्या मॅडमकडे द्यायचा नाही. विमा कंपनीच्या शाखेत द्यायचा आणि त्याच दिवशी कंपनीच्या ग्राहकसेवेच्या पत्त्यावर ईमेलही करायचा. मजकूर चार ओळींचा पुरे: पॉलिसी क्रमांक, कागद मिळाल्याची तारीख, अटी मान्य नाहीत म्हणून फ्री लुकखाली पॉलिसी रद्द करावी, रक्कम या खात्यात जमा करावी. सोबत रद्द केलेला चेक. अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. मग मॅडमचा फोन येईल. ‘काका, पाचच वर्षं भरा’, ‘नंतर बघू’, ‘माझं टार्गेट आहे हो’, यातलं एक तरी ऐकायला मिळेल. शेवटचं वाक्य खरं असतं, पण तिचं टार्गेट तुमच्या प्रॉव्हिडंट फंडातून पुरं करायची जबाबदारी तुमची नाही. कंपनीनं टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार करा, त्यानंतर पुण्याला विमा लोकपालांचं कार्यालय आहे.

परत आलेले पाच लाख पुन्हा त्याच काउंटरवर नेऊ नका. तुमच्या पत्रात सीनियर सिटिझन्स सेव्हिंग स्कीमचा उल्लेखच नाही, म्हणजे ते खातं उघडलेलं नाही. सध्या तिथे ८.२ टक्के व्याज आहे, दर तिमाहीला खात्यात जमा होतं, मर्यादा माणशी ३० लाख. तुमच्या एफड्या सात टक्क्यांवर आहेत. तीस लाख जसजशा मुदती संपतील तसे तिकडे नेलेत तर वर्षाला ३६ हजार जादा, काहीही न करता. साताऱ्याच्या कुठल्याही मोठ्या पोस्टात हे काम होतं.

आता सहल. चार लाख हा आकडा मला फुगलेला वाटतो, आणि तो कशानं फुगलाय तेही पत्रात आहे: मुलाला आरव्ही भाड्यानं घ्यायची आहे. तेच ते चाकांवरचं घर. फोटोत छान दिसतं. पण साधी गाडी गॅलनला पंचवीस मैल जाते तिथे हे धूड आठ-दहा मैल जातं. दिवसाचं भाडं दोनशे डॉलरच्या आसपास, रात्री उभं करायच्या जागेचे वेगळे पैसे. मुलाची गाडी दारात उभी असताना हे कशाला? सगळा फेरा नऊशे मैलांच्या आत बसतो, पेट्रोल दीडशे डॉलर. चार रात्री दोन खोल्या साधारण १,४००, जेवणखाण ८००, अँटिलोप कॅन्यन माणशी शंभराच्या आसपास धरून ४००, प्रवेश शुल्कं ३००. बेरीज तीन हजारांच्या थोडी वर. डॉलर नव्वद रुपयांचा धरला तर पावणेतीन लाख. तुमचा निम्मा वाटा एक लाख चाळीस हजार, तेव्हा दोन लाखांचीही एफडी मोडायला नको.

प्रवेश शुल्कात एक खाच आहे. मुलानं ८० डॉलरचा वार्षिक पास सगळ्यांना पुरेल असं धरलंय. २०२६ पासून तो पास अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे. पास नसलेल्या परदेशी पाहुण्यांना ग्रँड कॅन्यनसह अकरा मोठ्या उद्यानांत नेहमीच्या शुल्कावर माणशी १०० डॉलर जादा पडतात. मुलाच्या पासवर तुम्ही दोघं चालता का, हे त्याला उद्यानाकडे विचारायला सांगा. चालत नसाल तर तुम्हा दोघांचे २०० आणि गाडीचे ३५, मिळून २३५. परदेशी लोकांचा वार्षिक पास २५० चा. त्या अकरातलं एकच उद्यान तुमच्या वाटेवर आहे, त्यामुळे पास नको. मुलानं ऐनवेळी त्या अकरातलंच झायन जोडलं तर मात्र पास घ्या. अँटिलोप आणि मॉन्युमेंट व्हॅली नवाहो या आदिवासी जमातीच्या जमिनीवर आहेत, तिथे हे पास चालतच नाहीत.

पत्नीचे गुडघे दुखतात असं लिहिलंय. मग अँटिलोपचा वरचा भाग घ्या, तिथे तळ सपाट आहे. खालच्या भागात लोखंडी शिड्या उतराव्या लागतात. दोन्हीकडे वाटाड्याशिवाय सोडत नाहीत. वाळवंट म्हणून सुती कपडेच भरू नका, ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ सात हजार फुटांवर आहे, एप्रिलच्या पहाटे तिथे स्वेटर लागतो.

आणि ‘विमा तिथे गेल्यावर मुलगा बघेल’ हे वाक्य खोडा. या सगळ्या पत्रात तुम्हाला खरंच लागणारा विमा तेवढा एकच आहे आणि तोच तुम्ही घेतलेला नाही. प्रवास विमा निघण्याआधी इथून घ्या. वैद्यकीय संरक्षण किमान एक लाख डॉलर हवं, आणि पत्नीचा बीपी, तुमची शुगर फॉर्मवर लिहा. आधीपासूनच्या आजाराला किती रकमेपर्यंत संरक्षण आहे ती ओळ स्वतः वाचा, विकणाऱ्याला विचारू नका. ग्रँड कॅन्यनच्या काठावरून हेलिकॉप्टरनं इस्पितळात न्यायची वेळ आली तर बिल हजारो डॉलरचं येतं.

पैसे नेताना थोडी रोकड, बाकी फॉरेक्स कार्डावर, म्हणजे आधीच डॉलर भरून ठेवलेल्या कार्डावर. इथलं क्रेडिट कार्ड तिथे वापरलं की प्रत्येक बिलावर साधारण साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी लागतो. दीड लाखांवर सहा हजार होतात, तेवढ्यात पेट्रोलचा निम्मा खर्च निघतो.

तारखांचा क्रम असा ठेवा: सोमवारी विमा कंपनीची शाखा, मंगळवारी प्रवास विमा, बुधवारी एफडी. गुरुवारी मुलाला फोन करून आरव्ही रद्द करायला सांगा. बुकिंगच्या वेळा लिहून घेताना एक लक्षात असू द्या: उन्हाळ्यात अमेरिकेत बहुतेक ठिकाणी घड्याळ तासभर पुढे करतात. फिनिक्सचं राज्य ॲरिझोना ते करत नाही, त्याच्यातला नवाहो लोकांचा प्रदेश, नवाहो नेशन, मात्र करतो. एप्रिलमध्ये मॉन्युमेंट व्हॅलीत घड्याळ फिनिक्सच्या एक तास पुढे असेल, पेजमधल्या अँटिलोपच्या फेऱ्या मात्र ॲरिझोनाच्याच वेळेनं सुटतात.